रस्त्याची पातळी आणि वाड्याचे जोते

माझ्या लहानपणी पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या आत्याच्या वाड्यात शिरताना तीन पायऱ्या चढाव्या लागत. आज त्याच दिंडी दरवाजातून आत जाताना एक पायरी उतरावी लागते. वाडा खचलेला नाही, रस्ता वर आला आहे. दर काही वर्षांनी डांबराचा एक थर, त्यावर आणखी एक, मग पाइप टाकण्यासाठी खोदाई, तिच्यावर भरलेला मुरूम आणि शेवटी काँक्रीट, असे होत होत गल्ली आधी ओट्याला टेकली आणि पुढे ओट्याच्याही वर गेली. पावसाचे पाणी आता दिंडीतून चौकात येते, चौकातल्या मोरीला ते पेलत नाही, आणि मागल्या सोप्याच्या सागवानी खांबाच्या तळखड्याभोवती ते दोन-दोन दिवस साचून राहते. गेल्या दिवाळीत मी त्या खांबाच्या बुडाशी किल्लीचे टोक दाबून पाहिले, तर ते बोटभर आत गेले. त्याच सुमारास इमारत धोकादायक झाल्याची नोटीस दारावर लागली होती. नोटिशीत वाड्याच्या वयाचा उल्लेख होता, रस्त्याच्या उंचीचा नव्हता.

पुण्याच्या मध्यवस्तीत वारसा जतन आणि रस्त्यांची सुधारणा ही दोन निराळी कामे मानली जातात. त्यांचे विभाग निराळे, निविदा निराळ्या आणि त्यांच्याबद्दल सभागृहात होणाऱ्या चर्चाही निराळ्या असतात. जुनी वास्तू दुरुस्त करायची ती तिच्या कुंपणाच्या आत, आणि रस्ता सुंदर करायचा तो एका कर्बपासून, म्हणजे पदपथाच्या कडेपासून, समोरच्या कर्बपर्यंत, अशी ही वाटणी आहे. माझे म्हणणे असे आहे की पेठांमध्ये ही वाटणी मुळातच चुकीची आहे. इथला रस्ता ओट्यापासून समोरच्या ओट्यापर्यंत असतो, आणि वाड्याची दुरुस्ती त्याच्या दारासमोरच्या गटारापासून सुरू होते. ही दोन कामे एका हाताने, एका नकाशावर आणि एका पैशातून होत नाहीत तोवर आपण एकीकडे पदपथांना ग्रॅनाइट लावत राहू आणि दुसरीकडे त्या पदपथालगतचे वाडे पावसाळ्यागणिक जमीनदोस्त होताना पाहत राहू.

कसबा ही इथली सर्वांत जुनी वस्ती. पुढे, मुख्यतः पेशवाईत, तिच्याभोवती एकेक पेठ वसत गेली. काही पेठांना वारांची नावे मिळाली आणि काहींना माणसांची: सदाशिवरावभाऊंवरून सदाशिव, नारायणराव पेशव्यांवरून नारायण, नाना फडणविसांवरून नाना. पेठेतली गल्ली म्हणजे समोरासमोरच्या वाड्यांनी मिळून घडवलेली जागा. वाड्याचा सारा संसार आत चौकाभोवती असे, पण रस्त्याच्या बाजूला त्याला एक ठरलेली ठेवण होती. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर ओटा, मध्ये दिंडी दरवाजा, आणि वर माडीचा सज्जा किंवा लाकडी गजांच्या खिडक्यांची रांग. पुढे रस्त्याकडच्या खोल्यांची दुकाने झाली, तरी ओटा टिकला. त्याच्यावर गिऱ्हाईक टेकत असे, दुपारी म्हातारी माणसे बसत असत, आणि पावसात वाटसरू सज्जाखाली उभा राहत असे. ही सावली, ही बसायची जागा आणि ही देवघेव यांनाच आज नगररचनेच्या भाषेत 'स्ट्रीटस्केप' म्हणतात आणि बाक, कुंड्या व दिव्यांचे खांब विकत घेऊन ते नव्याने निर्माण करण्याचा प्रयत्न होतो.

कसब्यातली तांबट आळी पाहिली म्हणजे हे नीट कळते. तांब्याच्या भांड्यावर छोट्या हातोडीने शेजारी शेजारी ठोके घालत जाण्याला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याने एक लहानसा गोल खळगा उमटतो, आणि असे शेकडो खळगे ओळीने बसले की भांड्याला कणखरपणाही येतो आणि त्यावर उजेड खेळू लागतो. हे काम करणारा माणूस जमिनीवर बसतो, दाराशी बसतो, कारण त्याला तिरपा येणारा दिवसाचा उजेड हवा असतो. एका गिऱ्हाइकाचे भांडे तपासताना तो ते दाराबाहेर धरून फिरवतो आणि कुठे ठोका चुकला आहे ते उजेडातच ओळखतो. त्याची कार्यशाळा, त्याचे दुकान आणि त्याचे घर एकाच उंबरठ्याला जोडलेले आहेत. हा उंबरठा रस्त्याखाली गेला, किंवा त्या जागी पाच मजली इमारत होऊन तळमजल्यावर मोटारी उभ्या करण्यासाठी नुसते खांब आले, तर तांबट दुसऱ्या मजल्यावर बसून ठोके घालू शकणार नाही. हीच गोष्ट बुरुडांची आणि कुंभारांची आहे. आळी गेली की केवळ नाव उरते, आणि त्या नावाची पाटी पितळेची लावली तरी तिथे पितळ घडवणारा कोणी असत नाही.

आपण आजवर जपले काय, हेही मोकळेपणाने पाहिले पाहिजे. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली, १८२८ च्या आगीत आतले महाल गेले, आणि तट व दिल्ली दरवाजा उरले. ते आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधलेला विश्रामबागवाडा महापालिकेने सांभाळला आणि त्याची लाकडी कोरीव दर्शनी बाजू पुन्हा उभी केली, हे खरोखर चांगले काम झाले. मंडईची दगडी, अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ पासून वापरात आहे. त्या इमारतीच्या इतिहासात आजच्या वादासाठी मोलाचा धडा आहे. आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. तो तिथून उठवून एका भव्य इमारतीत नेण्याचा बेत पुढे आला तेव्हा जोतीराव फुले यांनी नगरपालिकेतले सदस्य म्हणून त्या खर्चाला विरोध केला आणि तो पैसा लोकांच्या शिक्षणावर लावावा असे म्हटले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. शहराच्या मध्यभागी एखादे देखणे काम काढताना ते कोणासाठी आणि कोणाच्या गरजेला मागे सारून, हा प्रश्न फुल्यांनी तेव्हा विचारला होता. सुशोभीकरणाच्या प्रत्येक निविदेसमोर तो आजही तसाच उभा आहे, आणि मंडईच्या बाबतीत त्याचे निम्मे उत्तर काळाने दिले, कारण ती इमारत भाजीवाल्यांनी स्वतःची केली.

याउलट भिडेवाड्याचे झाले. १८४८ मध्ये ज्या वाड्यात मुलींची शाळा भरली, त्याचे स्मारक व्हावे अशी मागणी कित्येक वर्षे होत होती. मालक, भाडेकरू आणि शासन यांच्यातला तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या सगळ्या काळात वाड्याचे छप्पर गळत होते, भिंती कुजत होत्या आणि कोणाचाही हात दुरुस्तीसाठी पुढे येत नव्हता, कारण ज्याच्या ताब्यात जागा होती त्याला ती सोडावी लागणार होती आणि ज्याला ती हवी होती त्याच्या ताब्यात ती नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये जागा ताब्यात आली तेव्हा जपण्यासारखे काही शिल्लक नव्हते, आणि वाडा पाडण्यात आला. तिथे स्मारक होईल आणि ते व्हायलाच हवे. पण ज्या खोलीच्या जमिनीवर त्या मुली बसल्या ती खोली आता कोणालाही पाहता येणार नाही. वारसा वादातच अडकून राहिला की शेवटी पाडकाम करणाऱ्याच्या हाती जातो, हे या एका उदाहरणाने पुरेसे सिद्ध होते.

आता पुन्हा रस्त्याच्या पातळीकडे येतो, कारण या प्रश्नात मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. वाडा ही लाकूड, माती, पातळ भाजक्या विटा आणि चुना यांची इमारत. तिचा सारा भार सागवानी खांबांवर असतो, आणि खांब दगडी तळखड्यावर उभा असतो तो एवढ्यासाठी की लाकडाने जमिनीतली ओल पिऊ नये. भिंतीतला चुना ओल घेतो आणि उन्हात सोडतो. अशी इमारत दोनशे वर्षे टिकते, एका अटीवर: तिचे बूड कोरडे राहिले पाहिजे. जोते उंच ठेवण्याचे कारण तेच होते. रस्त्याचा थर जोत्याच्या वर चढला की पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते, ओल तळखड्याच्या वर चढते आणि खांबाचे बूड कुजायला लागते. मग घरमालक स्वस्तातला उपाय म्हणून भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करतो. त्यामुळे आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि भिंत आतून भुगा होते. मुसळधार पावसाच्या रात्री वाड्याची भिंत पडली अशी बातमी येते तेव्हा तिच्यामागे बहुधा अशी पंधरा-वीस वर्षांची ओल असते. पाऊस फक्त शेवटचा धक्का देतो.

याला उपाय अवघड नाही. नवा थर टाकण्याआधी जुना थर यंत्राने खरवडून काढायचा, म्हणजे पातळी होती तिथेच राहते. हे तंत्र सर्वांना ठाऊक आहे आणि मोठ्या रस्त्यांवर ते वापरलेही जाते. पेठांतल्या अरुंद गल्लीत मात्र मोठे यंत्र शिरत नाही, लहान यंत्र मागवण्याची अट निविदेत नसते, आणि ठेकेदाराला मोबदला अंथरलेल्या थरासाठी मिळतो. काँक्रीटच्या बाबतीत तर हानी कायमची होते, कारण ते डांबरासारखे सहज खरवडता येत नाही आणि फोडल्याशिवाय खाली जात नाही. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. पेठेतल्या प्रत्येक गल्लीसाठी तिथल्या जुन्या जोत्यांवरून रस्त्याची कमाल पातळी ठरवावी, ती चौकातल्या एखाद्या दगडावर कोरावी, आणि त्यावर जाणाऱ्या कोणत्याही कामाचे बिल मंजूर होऊ नये. जिथे पातळी आधीच ओलांडली गेली आहे तिथे रस्ता खाली घ्यावा. खोदताना जपायला हवे असे जमिनीखालीही बरेच काही आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारे नळ बांधले गेले, त्यांचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली तोंडे, आणि हौद अजून अनेक ठिकाणी आहेत. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आपण रोज पत्ता सांगताना घेतो, पण त्या नळांचा मार्ग खोदाईच्या परवान्यासोबतच्या नकाशावर दाखवावा असा दंडक असायला हवा.

पातळी हा प्रश्नाचा एक भाग झाला. दुसरा भाग पैशाचा आहे, आणि तो अधिक जुना आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धानंतरच्या टंचाईत गरीब भाडेकरूला वाचवण्यासाठी तो कायदा आवश्यक होता आणि त्याने लाखो कुटुंबांना डोक्यावर छप्पर दिले, हे विसरता येत नाही. पण टंचाईसाठी आलेला कायदा पिढ्यानपिढ्या चालला. १९९९ चा नवा कायदा २००० मध्ये लागू झाला आणि त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, ती त्या गोठलेल्या रकमेवरच. आत्याच्या वाड्यातल्या एका खोलीचे महिन्याचे भाडे आजही शंभर रुपयांच्या आत आहे. एक खांब बदलण्याचा खर्च साऱ्या भाडेकरूंच्या कित्येक वर्षांच्या भाड्याएवढा. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि पडझड झाली तर जागा मोकळी होते, म्हणून काही ठिकाणी त्याला दुरुस्ती नकोही असते. दुरुस्तीला हात लावला तर आपला हक्क जाईल या भीतीने भाडेकरू गप्प बसतो. दोघेही आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत, आणि दोघांच्या मध्ये वाडा कुजतो.

मुंबई बेटावर हीच परिस्थिती होती तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवला गेला आणि त्यातून दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ उभे राहिले. त्या मंडळाच्या कारभारात पुष्कळ उणिवा आहेत आणि फोर्ट, गिरगाव, भेंडीबाजारात इमारती पडायच्या थांबलेल्या नाहीत. तरीही दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे हे तत्त्व तिथे कायद्याने मान्य झाले. पुण्याच्या पेठांना असे मंडळ कधीच मिळाले नाही. इथे कायदा धोकादायक इमारतीची नोटीस देतो, रिकामी करायला सांगतो आणि शेवटी पाडतो. दुरुस्त करून देतो असे म्हणणारे कोणी नाही. हेरिटेज यादीत नाव आल्याने मालकाच्या हाती बंधन येते, पैसा येत नाही. हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे वाडा जपल्यामुळे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची, तरतूद आहे, पण ज्या भाडेकरूने वाड्यात आयुष्य काढले त्याला त्यातले काय मिळणार हे स्पष्ट नसते, आणि हक्क विकून झाल्यावर दुरुस्ती झाली की नाही हे तपासण्याची सोयही भक्कम नाही. म्हणून हक्क टप्प्याटप्प्याने द्यावा असे मला वाटते: छप्पर झाले की एक भाग, खांब आणि तुळया झाल्या की दुसरा, मोरी-संडास आणि पाण्याची सोय झाली की तिसरा. भाडेकरूच्या खोलीवर त्याचा मालकी हक्क नोंदला गेल्याशिवाय शेवटचा भाग मुळीच देऊ नये. रस्त्याच्या सुशोभीकरणासाठी ठेवलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा त्याच गल्लीतल्या वाड्यांच्या दुरुस्तीसाठी बांधून ठेवला तर आरंभाचे भांडवलही मिळेल.

शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्या लोकांची अडचण तर आणखी वेगळी आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद झाले आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर परवानगीचे बंधन आले. १९९२ पूर्वीच्या इमारतींची दुरुस्ती परवानगीने करता येते, पण पडलेले घर पुन्हा बांधता येत नाही. मोकळ्या माळावरच्या लेण्यासाठी हा नियम योग्य असेल, पण कसबा आणि शनिवार पेठेत त्या वर्तुळात शेकडो घरे आहेत. शनिवारवाड्याचे मोल तरी कशात आहे? त्याच्या तटाभोवती दाट वस्ती होती आणि तो त्या वस्तीचा मध्य होता, यातच. ती वस्ती हळूहळू ओस पडून भोवती मोकळे वाहनतळ झाले तर स्मारकाचे रक्षण झाले असे म्हणता येणार नाही. इथे जुन्या उंचीत आणि जुन्या जोत्यावर पुन्हा बांधण्याची मुभा द्यायला हवी.

पुनर्विकासाचे नियम रस्त्यावर काय परिणाम करतात ते लक्ष्मी रोडच्या मागच्या कोणत्याही गल्लीत चालून पाहावे. एक वाडा पडतो. रस्तारुंदीच्या रेषेमुळे नवी इमारत मागे सरकते. पार्किंगच्या अटीमुळे तिचा तळमजला रिकाम्या खांबांचा होतो. शेजारचा जुना वाडा पूर्वीच्याच रेषेवर राहतो. असे दहा वाडे पडल्यावर गल्ली रुंद होत नाही, करवतीच्या दातांसारखी वेडीवाकडी होते, आणि प्रत्येक दातात दोन मोटारी व चार दुचाकी उभ्या असतात. जिथे ओटा, दुकान आणि दार होते तिथे लोखंडी फाटक येते. रात्री त्या गल्लीतून चालणाऱ्या बाईला पूर्वी दोन्ही बाजूंच्या दारांचा उजेड सोबतीला असे, आता अंधारातल्या गाड्यांची रांग असते. अशा गल्लीत नक्षीदार फरशी बसवून आणि जुन्या धाटणीचे दिवे उभारून काय साधणार? रस्ता जिवंत ठेवणारा भाग आपणच नियमाने काढून टाकलेला असतो.

या बाबतीत मुंबईच्या दादाभाई नौरोजी रोडचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर १८९६ च्या नियमाने प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानी ठेवणे भाग पाडले. वरच्या मजल्यांवर कोणी गॉथिक बांधले, कोणी आणखी निराळे, पण खाली सावली सलग राहिली, आणि मुंबईच्या उन्हापावसात लाखो माणसे तिच्यातून चालत आली. पुढे याच रस्त्यावर दुकानांच्या पाट्या आणि रस्त्यावरचे सामान यांना शिस्त लावण्याचा प्रकल्प झाला आणि त्याची दखल युनेस्कोच्या आशियातील वारसा पुरस्कारांत २००४ मध्ये घेतली गेली. पाट्या सुधारून तो रस्ता उठून दिसला, याचे कारण त्याचा तळमजला शंभर वर्षांपूर्वीच्या एका नियमाने आधीच घडवलेला होता. पेठांसाठी तसा नियम हवा आहे: रस्त्याकडच्या तळमजल्यावर ओटा आणि उघडणारे दार सक्तीचे, वाहनतळाला बंदी, आणि जुनी बांधणीरेषा कायम. मोटारी कुठे जाणार, असे कोणी विचारील. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानके वस्तीच्या पोटात उघडली. त्यासाठी इथल्या काही कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. त्यांनी दिलेल्या त्या जागेच्या बदल्यात पेठेला पार्किंगच्या अटीतून सूट मिळत नसेल, तर एवढे सारे खोदले कशासाठी?

काही आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना टाळून चालणार नाही. पहिला, वाड्यातले जगणे सुखाचे नव्हते. सामायिक संडास, गळकी माडी, उंदीर, आणि म्हाताऱ्या माणसाला जिवावर येणारा अंधारा जिना. ज्यांनी ते भोगले त्यांना लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट हवा असेल तर त्यांना वारशाचे धडे देण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाच नाही. मला हा आक्षेप अगदी मान्य आहे. म्हणूनच जतनाच्या खर्चात पहिला हक्क मोरीचा आणि संडासाचा असावा, महिरपीचा नंतर. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: वाडा म्हणजे पेशवाई, आणि पेशवाईतल्या पुण्याने बहुसंख्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले, तर त्याच्या दगडांवर सार्वजनिक पैसा का खर्चावा? याचे उत्तर सरदारांच्या वाड्यांची यादी लांबवून देता येणार नाही. गंज पेठेतल्या फुलेवाड्याच्या आवारातला हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. पाण्याचा तो लहानसा हौद माझ्या दृष्टीने शनिवारवाड्याच्या कारंज्याहून मोठा वारसा आहे. नाना, भवानी आणि गंज पेठेतली कारागिरांची, हमालांची, बलुतेदारांची घरे आजवर कोणी मोलाची मानलीच नाहीत, कारण त्यांवर कोरीव काम नव्हते. गल्ली हे जतनाचे एकक धरले तर ती घरेही जतनात येतात. एकेक वास्तू निवडत गेलो तर ती कायमची बाहेर राहतील.

पायी चालणाऱ्यांसाठी काही करायची इच्छा या शहरात आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन पाळला जातो. त्या दिवशी मी तिथे मुले रस्त्याच्या मधोमध बसून रांगोळी काढताना पाहिली आहेत, आणि एरवी गर्दीला घाबरून घरी राहणारी आत्या कापड दुकानांच्या समोरून सावकाश चालत गेली, दोनदा थांबली आणि वर पाहून म्हणाली, "ही माडी इथे आहे हे मी विसरूनच गेले होते." दिल्लीत चांदणी चौकाचा लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता २०२१ मध्ये नव्याने बांधून दिवसा मोटारींना बंद केला गेला, आणि तिथल्या व्यापाऱ्यांची दुकाने चालूच आहेत. म्हणजे हे आपल्याकडे होऊ शकते. मात्र अशा कामांत सर्वांत आधी उठवला जातो तो फेरीवाला. २०१४ चा पथविक्रेता कायदा त्याला संरक्षण देतो, आणि तुळशीबागेभोवतीचा बाजार त्याच्याशिवाय बाजारच नाही. बसायची जागा आखून द्यावी आणि चालण्याची पट्टी मोकळी राखावी. पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हे रस्तेबांधणीच्या मानकांनी सांगितलेच आहे. ज्या गल्लीत एवढी जागाच नाही तिथे उंच पदपथ बांधूच नये. संपूर्ण गल्ली एका पातळीवर ठेवून वाहनांचा वेग माणसाच्या चालीवर आणावा. आणि कोणताही खांब, बाक किंवा दगडी अडसर बसवण्याआधी गणेशोत्सवाचा विचार करावा. मांडव कुठे पडतो, पालखी कुठून वळते, ढोलपथक कुठे थांबते हे त्या गल्लीतल्या कोणत्याही मंडळाचा कार्यकर्ता नकाशाशिवाय सांगेल. त्याला विचारले नाही तर तो अडसर पहिल्याच भाद्रपदात पहारीने उखडला जाईल, आणि उखडणारा योग्यच करील.

अहमदाबादच्या जुन्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तिथल्या पोळांतली, म्हणजे दाट गल्लीवस्त्यांतली, लाकडी घरे आपल्या वाड्यांची सख्खी भावंडे आहेत. तिथेही घरे पडतात आणि तिथेही पैसा अपुरा आहे, पण तिथल्या महापालिकेने १९९० च्या दशकातच वारशासाठी वेगळा कक्ष काढला आणि पोळ हे संपूर्ण एकक मानून काम केले. आपल्याला कोणत्याही यादीत जाण्याची घाई नाही. एका आळीपासून सुरुवात करावी, आणि ती तांबट आळी असावी असे मला वाटते, कारण तिथे घर, धंदा आणि रस्ता अजून एकमेकांना धरून आहेत. आधी रस्ता खाली घ्यावा, पाण्याचा निचरा बाहेर काढावा, मग खांबांची बुडे तपासून सडलेला भाग कापून नवे लाकूड सांध्याने जोडावे. हे करणारे सुतार पुण्यात अजून आहेत. पाडलेल्या वाड्यांचा जुना सागवान टिंबर मार्केटमध्ये आणि जुन्या बाजारात विकायला येतो, दिंडी दरवाजे हॉटेलांच्या भिंतींवर टांगले जातात. तेच लाकूड महापालिकेने विकत घेऊन पेठेतल्या दुरुस्तीसाठी कोठारात ठेवावे. रंग, फरशी आणि दिवे यांचा विचार सर्वांत शेवटी, पैसे उरले तर.

डांबरीकरणाच्या निविदा मार्च ते मे या महिन्यांत निघतात आणि पावसाआधी थर पडतात. आत्याच्या गल्लीचे नाव यंदाच्या यादीत आहे. आतेभावाने वाड्याच्या जोत्यावर लाल रंगाने एक रेघ ओढून ठेवली आहे आणि तिच्या बाजूला खडूने लिहिले आहे: याच्या वर नको. ती रेघ पुढच्या निविदेतल्या अटीत यावी एवढ्यासाठी त्याने अर्ज दिला आहे, त्या अर्जावर गल्लीतल्या एकोणीस घरांच्या सह्या आहेत.